फीड कमी केल्याने बारीक टूल वाचत नाही

संपादक महोदय,

अर्ध्या मिलिमीटर व्यासाचा एंड मिल (फिरत धातू कापणारे टूल) तुटला की शॉपमध्ये पहिला उपाय ठरलेला असतो: फीड (टूल धातूत पुढे सरकण्याचे प्रमाण) कमी करा. मोठ्या कटरला तो लागू पडतो, कारण तिथे चिप (कापून निघणारा धातूचा कीस) जाड असते आणि जाडी घटली की बलही घटते. सूक्ष्म मिलिंगमध्ये हाच उपाय टूलच्या मुळावर येतो.

कारण धारेत आहे. कार्बाइडच्या नव्या धारेलाही साधारण 1 ते 5 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) त्रिज्येची गोलाई असते. चिपची जाडी या त्रिज्येच्या 0.2 ते 0.4 पटीखाली गेली की धातू कापला जात नाही. धार तो दाबत, घासत पुढे जाते. त्रिज्या 3 मायक्रॉन आणि गुणोत्तर 0.3 धरले, तर ही किमान जाडी 0.9 मायक्रॉन येते. दर दात्याला 2 मायक्रॉन फीड देऊन स्लॉट (टूलच्या पूर्ण रुंदीची खाच) मारताना जाडी शून्यापासून वाढत जाते (फीड गुणिले कोनाची ज्या, म्हणजे साइन), म्हणजे पहिले आणि शेवटचे सुमारे 27 अंश नुसते घासण्यात जातात. फीड 0.5 मायक्रॉन केला तर दर फेरीत चिप निघत नाही. दाबलेला धातू थोडा उसळून वर येतो, दोन-तीन फेऱ्यांचा थर साचतो आणि मग एकदम कापला जातो. बल उड्या मारते, बर (कडेला उरणारी धातूची धारदार कड) वाढते, धार झिजते. झिजून त्रिज्या 6 मायक्रॉन झाली की किमान जाडीही दुप्पट होते.

म्हणून बलाचे मॉडेल दोन भागांत मांडावे लागते. किमान जाडीच्या वर बल म्हणजे जाडीच्या प्रमाणातला कापण्याचा भाग अधिक धारेच्या घासण्याचा स्थिर भाग, दोन्ही गुणिले चिपची रुंदी. त्याखाली धारेखाली दबलेल्या धातूच्या आकारमानावरून बल काढायचे. 2, 3, 4, 5 मायक्रॉनच्या चाचण्यांतून काढलेली सरळ रेषा खाली 0.5 पर्यंत ओढली, तर आकडे फसवे येतात.

रनआउट (टूल फिरण्याच्या मध्यापासून सरकलेले असणे) मॉडेलबाहेर ठेवणे ही आमच्या मते सर्वांत महागडी चूक आहे. टूल फिरवताना डायल गेजवर 2 मायक्रॉन दिसले म्हणजे अक्ष 1 मायक्रॉन सरकलेला असतो. दोन दात्यांच्या टूलमध्ये तो दात्यांच्या रेषेत असेल, तर 2 मायक्रॉन फीडला एक दाता 4 मायक्रॉन खातो आणि दुसऱ्याच्या वाट्याला काहीच येत नाही. मोठ्या कटरवर 2 मायक्रॉनचे रनआउट कोणी मोजतही नाही. ओळखायची खूण सोपी आहे. 40,000 आरपीएमला दात्यांची वारंवारिता 1,333 हर्ट्झ असायला हवी. बलाच्या सिग्नलमध्ये 667 (फेरीला एकदाच, म्हणजे एकच दाता कापतो आहे) ठळक दिसली, तर आधी कॉलेट (टूल धरणारी पकड) साफ करून टूल पुन्हा बसवा.

मोजणीतही जपायला हवे. ही बले अनेकदा एखाद-दोन न्यूटनच असतात आणि जॉब बसवल्यावर डायनामोमीटरची (बल मोजणाऱ्या यंत्राची) नैसर्गिक वारंवारिता खाली येते, म्हणजे त्याचे स्वतःचे कंपन मोजणीत मिसळू शकते. हातोडी चाचणीने (ठोकून कंपने मोजून) ती तपासलेली नसेल, तर सरासरी बलावर भरवसा ठेवा, शिखरांवर नको.

टूलच्या बहुतेक कॅटलॉगमध्ये व्यास आणि लांबी मिळते, धारेची त्रिज्या मिळत नाही. उत्पादकांनी ती छापावी, आणि पॉलिटेक्निकच्या प्रात्यक्षिकांत फीड ठरवण्याआधी धार सूक्ष्मदर्शकाखाली मोजायला शिकवावे, ही आमची आग्रहाची विनंती.

– सूक्ष्म यंत्रणातील काही अभियंते, भोसरी, पुणे