बॉनेट कापायच्या आधी हे वाच

सोलापूर, एप्रिलअखेर

प्रिय दोस्ता,

काल रात्री तुझा फोन आला तेव्हा मी मार्केट यार्डात गाडी खाली करत होतो, नीट बोलता आलं नाही, म्हणून आता निवांत बसून लिहितोय. तू म्हणालास उद्या-परवा फॅब्रिकेशनवाल्याकडे जाऊन पिकअपच्या बॉनेटवरचा तो शोचा स्कूप, म्हणजे वारा घ्यायच्या तोंडासारखा दिसणारा पण खालून बंद असलेला फुगवटा, खालून कापून मोकळा करणार, म्हणजे वारा आत जाईल आणि तुळजापूरच्या घाटात गाडी तापायची थांबेल. लका, थांब. निदान हे पत्र वाचेपर्यंत ग्राइंडर लावू देऊ नकोस, कारण गेल्या उन्हाळ्यात मी हेच केलंय, माझ्याच गाडीवर.

माझ्या गाडीवर पण मागच्या मालकाने बसवलेला तसाच बंद स्कूप होता. मे महिना, बाहेर ४३ डिग्री, डांबर नुसतं उकळतंय, गाडीत दीड टन कांदा आणि घाट अर्धा चढला की काटा लालकडे. मला वाटलं आत कोंडलंय म्हणून तापतंय, भोक पाडलं की हवा खेळेल. पाडलं. पुढच्या खेपेला त्याच वळणावर काटा परत तिथंच. उलट सपाट रोडवर मंगळवेढ्याकडे जाताना एसी लावून ८० ने चाललो की काटा आधीपेक्षा थोडा वरच राहायला लागला, आणि ते मला काही केल्या कळेना.

मग शोधत बसलो. इंजिनाची उष्णता वाऱ्याने थेट जात नाही रे, ती आधी कूलंटमध्ये, म्हणजे इंजिनात फिरणाऱ्या पाण्यात जाते, कूलंट रेडिएटरमध्ये येतं आणि तिथं जाळीतून आरपार जाणारी हवा ती घेऊन जाते. डिझेल जळून जेवढी ऊर्जा निघते त्यातली ढोबळ मानाने एक तृतीयांश चाकाला मिळते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून जाते आणि उरलेली बरीचशी ह्या रेडिएटरनेच बाहेर काढायची असते. आता हवा जाळीतून आरपार कधी जाईल, तर पुढं दाब जास्त आणि मागं इंजिनाकडं दाब कमी असेल तेव्हा. तू वरून स्कूप उघडून त्याच मागच्या जागेत वारा कोंबलास की मागचा दाब वाढला, म्हणजे रेडिएटरमधून जाणारी हवा उलट कमी झाली! माझा काटा सपाट रोडवर वर का सरकला ते मला तेव्हा कळलं.

खात्री करायला मी पारदर्शक नळी आणली, लेव्हलवाले गवंडी वापरतात ती, त्यात रंगीत पाणी भरून इंग्रजी यू सारखी डॅशबोर्डला चिकटवली, एक टोक रेडिएटरच्या पुढं आणि एक मागं. पहाटे रिकाम्या रोडवर भाच्याला शेजारी बसवून ६० ने गाडी पळवली, एकदा स्कूपवर टेप मारून आणि एकदा टेप काढून. दोन्ही बाजूच्या पाण्यातला फरक तसाही बोटाच्या पेराएवढाच, पण टेप काढली की तो अजून कमी व्हायचा. चार वेळा केलं, चारही वेळा तेच.

आणि घाटाचं तर गणितच वेगळं आहे. वाऱ्याचा दाब स्पीडच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० ला जेवढा दाब असतो त्याच्या सोळावा हिस्सा २० ला. ८० ला तो पाण्याच्या अडीच-तीन सेंटिमीटरएवढा भरतो, २० ला दीड-दोन मिलिमीटर. आणि घाटात दुसऱ्या गिअरला आपण किती ने असतो? त्या स्पीडला स्कूप असला काय नसला काय, सगळं काम फॅनच करतो. हैदराबाद रोडवर चाळीस टन ओढणाऱ्या ट्रकांना तर बॉनेटच नसतं, पुढं मोठा रेडिएटर आणि मागं भलामोठा फॅन, बस.

तू म्हणशील मग फॉर्च्युनरला होता ना स्कूप. होता, २००९ ला आपल्याकडं आली त्या ३ लिटरवालीला, पण तो खरा होता, त्याच्या खाली इंजिनावर इंटरकूलर बसलेला आणि स्कूपमधली हवा पॅकिंग लावून फक्त त्याच्यातूनच जायची. टर्बोने दाबून गरम झालेली हवा इंजिनात जायच्या आधी गार करणं हे त्याचं काम, कूलंटशी त्याचा संबंध नाही. पुढच्या मॉडेलला इंटरकूलर पुढं गेला आणि स्कूप निघून गेला.

एक फायदा खरा आहे तो सांगतो. गाडी उभी करून बंद केली की आतली गरम हवा वरून निघून जाते, वायरिंग आणि बॅटरीला ते बरंच. पण त्यापायी पावसाळ्यात सगळं पाणी अल्टरनेटरवर आणि बेल्टवर, जूनमध्ये माझा बेल्ट आठवडाभर किंचाळत होता, शेवटी आतून पत्रा मारून भोक बंद केलं. भोक पाडायचंच असेल तर रेडिएटरच्या लगेच मागं, बॉनेटच्या पुढच्या भागात, तोंड मागं असलेल्या झडपा पाहिजेत, तिथं वारा आतली हवा ओढून घेतो. काचेजवळ पाडू नकोस, काचेच्या बुडाशी वारा दाबला जातो, म्हणून तर केबिनची हवा कंपन्या तिथून घेतात.

माझी गाडी नक्की कशाने तापत होती ते आता सांगतो, तुझी पण त्यानेच तापत असणार असं माझं मन सांगतंय. मिस्त्रीने रेडिएटर खाली उतरवला तर एसीचा कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढं असते ती एसीची जाळी) आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत ज्वारीचं भुसकट, धूळ, मेलेले किडे यांची अक्षरशः गादी तयार झालेली, पुढून बघून कधीच दिसलं नसतं. फॅनभोवतीचं प्लॅस्टिकचं कडं कुणीतरी आधीच काढून टाकलेलं, मग फॅन जाळीतून हवा ओढायच्या ऐवजी इंजिनाजवळचीच गरम हवा फिरवत बसतो. आणि आत बोअरच्या पाण्याचा पांढरा थर. आपलं बोअरचं पाणी किती जड आहे हे घरच्या गिझरचं कॉइल बघितलंस की कळतं, तोच थर रेडिएटरच्या नळ्यांत बसतो आणि उष्णता बाहेर जाऊ देत नाही. तू दर चार दिवसाला बाटलीने बोअरचं पाणी टाकतोस ना, ते आधी बंद कर बे. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.

जाळी उलट्या बाजूने, इंजिनाकडून पुढं, कमी प्रेशरने धुवून घे, जास्त प्रेशर मारलं तर पाती वाकतात. व्हिस्कस फॅन, म्हणजे आतल्या घट्ट तेलाच्या पकडीवर फिरणारा इंजिनाचा फॅन, गार इंजिनावर हाताने फिरवून बघ, सैल फिरत राहिला तर गेला. आणि रेडिएटरची कॅप! ती दाब धरते म्हणून पाणी १०० ला उकळत नाही, १ बारची कॅप चांगली असेल तर साधं पाणीसुद्धा १२० पर्यंत तग धरतं. रबर चिरलेलं असलं की दाब जातो, घाटात उकळी फुटते आणि आपण स्कूपला दोष देतो. माझी पण चिरलेलीच निघाली. सगळं केल्यावर त्याच मे महिन्यात, तेवढाच कांदा भरून घाट चढलो, स्कूपवर टेप मारून, काटा मध्याच्या वर गेला नाही.

तुझं दाळिंब लातूरला वेळेत पोचलं पाहिजे आणि तू पोराला घेऊन भर दुपारी घाटात वाफेपुढं उभा राहू नयेस, एवढीच काळजी आहे मला. तापून हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग, गेलं तर सगळा सीझन त्यात जाईल.

रविवारी पहाटे ये, गाडी रात्रभर गार झालेली असू दे, मी मिस्त्रीला सांगून ठेवतो आणि नळी पण तयार ठेवतो, तुझ्या गाडीवर पण मोजू. तोपर्यंत कॅपचं रबर तेवढं बघून घे, पण इंजिन पूर्ण गार असतानाच उघड. आईंना नमस्कार सांग, वहिनींना म्हणावं शेंगा चटणी संपलीय आमची.

तुझाच