आमच्या अण्णांचा जंतू कुठून आला, साहेब?

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

परवा टपालानं लखोटा आला. माहिती अधिकारातल्या माझ्या अर्जाचं उत्तर, तीस दिवसांच्या जागी बावन्न दिवसांनी. आत एकच ओळ : ‘सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखावर उपलब्ध नाही.’ खाली गोल शिक्का, तोही तिरका. मी एवढंच विचारलं होतं, की वर्षभरात जिल्ह्यातल्या रुग्णालयांत औषधांना दाद न देणारे जंतू किती रुग्णांत सापडले, आणि ते एकाच घराण्यातले आहेत का, हे कुणी तपासलं का.

विचारायचं कारण आमचे अण्णा. न्हाणीत पाय घसरला, खुबा मोडला. तालुक्याला ऑपरेशन झालं. जखम चिघळली म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं, तिथून पुण्याला. तिथं कल्चरचा, म्हणजे जखमेतला जंतू वाढवून त्याला कोणतं औषध लागू पडतं हे पाहण्याच्या तपासणीचा, रिपोर्ट हातात पडला. डावीकडे औषधांची नावं, उजवीकडे एकाखाली एक : आर, आर, आर. मेरोपेनेम या जबर अँटिबायोटिकपुढंही आर. मी शाळामास्तर, मला वाटलं आर म्हणजे राइट, सगळं बरोबर आहे. आर म्हणजे रेझिस्टंट, हे आयसीयूतल्या सिस्टरनं हळूच सांगितलं. जंतूचं नाव क्लेबसिएला. शेवटी कोलिस्टिन हे अखेरचं औषध सुरू केलं, मग किडनी ढासळली. सव्वीस दिवस. उसाचं बिल गेलं, बायकोच्या पाटल्या गेल्या, अण्णाही गेले. दाखल्यावर लिहिलंय ‘हृदयक्रिया बंद पडून’. हृदय तर प्रत्येकाचंच बंद पडतं, साहेब.

तिन्ही ठिकाणी विचारलं. तिघांचं उत्तर एकच : ‘आमच्याकडचा नाही, बाहेरून आलाय.’ म्हणजे जंतू एसटीनं आला!

रात्री झोप येत नाही, म्हणून वाचत बसतो. 2011 मध्ये अमेरिकेत बेथेस्डाच्या सरकारी संशोधन रुग्णालयात हाच क्लेबसिएला शिरला. 18 रुग्णांना लागण, 11 मृत्यू, त्यातले 6 थेट याच जंतूमुळे. लागण असलेली पहिली रुग्ण बाई घरी गेल्यावर तीन आठवडे सगळं शांत होतं, मग पुढचा रुग्ण सापडला. दोघांचा संबंध नाही असंच कुणीही म्हणालं असतं. पण त्यांनी प्रत्येक जंतूची जनुकं अक्षर-अक्षर वाचली, कुठं काय बदललं ते जुळवलं, आणि लागण कुणाकडून कुणाकडे गेली याची साखळी लावली. युरोपात तर 244 रुग्णालयांतले नमुने असे वाचले. निघालं काय? हा जंतू मुख्यतः रुग्णालयातच पसरतो, आणि रुग्ण हलवला की त्याच्यासोबत पुढच्या रुग्णालयात जातो. अण्णांचीच वरात.

हे आपल्याला जमत नाही असं कृपया सांगू नका. डोंबिवलीत ओमिक्रॉनचा रुग्ण सापडला तेव्हा त्या विषाणूची कुंडली काढलीच ना? पुण्यात विषाणूंवर काम करणारी एनआयव्ही आहे, पेशींवर संशोधन करणारी एनसीसीएस आहे, दोन्ही सरकारी. अशा जंतूंवर नजर ठेवणारं आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचं जाळं 2013 पासून आहे, पण ते बड्या रुग्णालयांचं. तालुक्याच्या दहा खाटांना कोण विचारतो? जंतूंना अशा औषधांपासून वाचवणाऱ्या एका जनुकाला नवी दिल्लीचं नाव दिलं, त्यावरून 2010 मध्ये मात्र देशाची केवढी अब्रू गेली होती! नावावरून भांडलो, जनुक निवांत पसरलं. ते तर एका जातीच्या जंतूतून दुसऱ्या जातीच्या जंतूत उडी मारतं. 2019 या एका वर्षात देशात तीन लाखांच्या आसपास माणसं अशा जंतूंनी गेली, असा अंदाज छापून आलाय. आकडा थोडा इकडेतिकडे असेल. अण्णा त्यात नाहीत, ते नंतरचे.

मागणी साधी आहे. जिल्ह्यातले असे जंतू जपून ठेवा, पुण्याला पाठवा, वाचा, आणि निकाल लोकांसमोर टाका. रुग्ण दुसरीकडे हलवताना त्याच्या कागदावर जंतूचं नाव लिहा. याला फीत कापावी लागत नाही, फोटो येत नाही, ही अडचण मला समजते. मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक देतो, निम्म्या जागा रिकाम्या, नर्स एक आणि खाटा तीस, ती हात कधी धुणार? तुम्हा मंडळींना खोकला झाला की गाडी थेट मुंबईला बड्या खासगी रुग्णालयात. पण जंतूला प्रोटोकॉल कळत नाही, तो तिथंही पोचलेला असेल.

गेल्या आठवड्यात पुण्याच्या लॅबला फोन केला, अण्णांचा जंतू ठेवलाय का म्हणून. पलीकडचा मुलगा चांगला होता. म्हणाला, ‘काका, जंतू वाढवलेल्या प्लेटा आठवड्यानं टाकून देतो.’

वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून पहिलं अपील टाकलं आहे. पोच जोडली आहे.

आपला,
एक शाळामास्तर