माउंट झाले म्हणजे डॅक्स सुरू झाले असे नाही

संपादक महोदय,

पर्सिस्टंट मेमरीवरचा, म्हणजे वीज गेली तरी डेटा टिकवणाऱ्या रॅमसारख्या मेमरीवरचा, आपल्या पुरवणीतला लेख ‘माउंट करताना डॅक्स लिहा, म्हणजे पेज कॅशे टळतो’ एवढ्यावर थांबतो. डॅक्स म्हणजे फाइलची रॅममध्ये प्रत (पेज कॅशे) न करता थेट त्या मेमरीत वाचणे-लिहिणे. सांगितले ते बरोबर आहे. पण इथे काही चुकले तर लिनक्स बहुधा बोंब मारत नाही, मुकाट जुन्या वाटेने काम करत राहतो.

सुरुवात कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, कॉन्फिगपासूनच होते; तो बांधताना कोणते पर्याय घ्यायचे ते त्यात ठरते. डॅक्सच्या ‘एफएस_डॅक्स’ या पर्यायाची ओळ कॉन्फिग फाइलमध्ये हाताने घातली, तरी ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ ही उरलेले पर्याय आपोआप भरणारी आज्ञा ती गुपचूप काढून टाकू शकते. ती ‘झोन_डिव्हाइस’ या दुसऱ्या पर्यायावर टेकलेली आहे आणि त्याला मेमरी हॉटप्लग, हॉटरिमूव्ह आणि स्पार्समेम_व्हीमेममॅप आधी चालू लागतात. हॉटरिमूव्ह राहून गेले की मेनूत पुढचा पर्याय दिसतच नाही आणि माणूस तो शोधत बसतो. शिवाय ही मेमरी ओळखून डिस्कसारखी दाखवायला लिबएनव्हीडीआयएमएम, एसीपीआय_एनफिट आणि ब्लॉक डिव्हाइसमधला पीमेम ड्रायव्हर हवाच.

इंटेलने ऑप्टेन ही या मेमरीची आपली उत्पादने गुंडाळत असल्याचे २०२२ मध्ये जाहीर केले, त्यामुळे खरे मॉड्यूल हाताशी असणारे थोडेच. सरावासाठी बूटच्या ओळीत ‘मेममॅप=४जी!१२जी’ लिहिले की १२ जीबीच्या खुणेपासून पुढची ४ जीबी साधी रॅम पीमेम० या नावाने पर्सिस्टंट मेमरीसारखी दिसते. त्यासाठी कर्नलमध्ये ‘एक्स८६_पीमेम_लेगसी’ लागते. तो पट्टा ‘युजेबल’ आहे ना, हे आधी डीमेसेजमधल्या (कर्नलच्या संदेशांमधल्या) ई८२० तक्त्यात, म्हणजे फर्मवेअरने दिलेल्या मेमरीच्या नकाशात, बघावे. वीज गेली की त्यातला डेटाही गेला, हे वेगळे सांगायला नको.

खऱ्या मॉड्यूलवर एनडीसीटीएल या साधनाने नेमस्पेस (मेमरीचा वापरण्याजोगा भाग) करताना मोड ‘एफएसडॅक्स’च हवा. ‘सेक्टर’ मोड अर्धवट लिहिलेल्या सेक्टरपासून वाचवतो, पण त्यावर डॅक्स चालत नाही. इथेच रॅमचा हिशोबही करावा. मेमरीच्या दर ४ केबीच्या पानामागे (पेजमागे) कर्नल ६४ बाइटची नोंद ठेवतो, म्हणजे १ टीबीला १६ जीबी. ‘मॅप=मेम’ दिले तर ही जागा रॅममधून जाते, ‘मॅप=डेव्ह’ दिले तर त्याच मॉड्यूलमधून. रॅम तुटपुंजी असेल तर दुसरेच बरे.

फाइलसिस्टिमचा ब्लॉक पानाएवढा, म्हणजे ४ केबीचा ठेवावा. डिव्हाइसला डॅक्स जमत नसेल तर एक्सटी४ ही फाइलसिस्टिम माउंटच नाकारते. एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टिम मात्र डीमेसेजमध्ये ‘टर्निंग ऑफ डॅक्स’ एवढी ओळ टाकते आणि खुशाल माउंट होते. लेखात नेमके हेच राहिले आहे.

पार्टिशनचेही तसेच. नेहमीची साधने पहिले पार्टिशन १ एमबीवर सुरू करतात, तर २ एमबीची मोठी पाने मिळायला २ एमबीची सीमा लागते. ती चुकली की मॅपिंग ४ केबीच्या पानांवर घसरते आणि वेग का मिळत नाही ते कळत नाही.

शेवटचा मुद्दा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी. फाइल मेमरीत जोडणाऱ्या ‘एममॅप’ला द्यायचा ‘मॅप_सिंक’ हा पर्याय कर्नल ४.१५ पासून आहे. तो नुसत्या ‘मॅप_शेअर्ड’बरोबर दिला तर कर्नल त्याकडे काणाडोळा करतो. ‘मॅप_शेअर्ड_व्हॅलिडेट’बरोबर दिला तरच, जमत नसल्यास, एममॅप स्पष्ट त्रुटी देतो. तो यशस्वी झाला की एक्स८६वर डेटा टिकाऊ करायला सीएलडब्ल्यूबी आणि त्यामागून एसफेन्स या प्रोसेसरच्या दोन सूचना पुरतात, दर वेळी एफसिंक (कर्नलला डेटा पक्का लिहायला सांगणे) करावे लागत नाही.

— लिनक्सवर काम करणारे काही वाचक