आमची सुटका झालेली नाही

महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीत रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांवरचा लेख आला आणि त्याच दिवशी दोन फोन आले, ‘वहिनी, सुटलात! आता रक्त तपासायला नको, पालेभाजीचं पथ्य नको.’

मी सुटलेली नाही. लहानपणच्या सांधेवाताच्या तापाने माझ्या हृदयाची मायट्रल झडप खराब झाली. २००९ साली मुंबईत मेकॅनिकल झडप बसवली. रात्री सामसूम झाली की तिची टिकटिक मला ऐकू येते. नातू तर छातीला कान लावून मोजत बसतो. अशा झडपेवर त्या नव्या गोळ्यांपैकी डॅबिगॅट्रानची चाचणी झाली होती, ती मध्येच थांबवावी लागली. गुठळ्याही जास्त झाल्या आणि रक्तस्रावही. निकाल २०१३ मध्ये छापून आला. पुढे अपिक्सॅबान या दुसऱ्या नव्या गोळीची चाचणीही २०२२ मध्ये थांबली. म्हणजे आम्हाला जुन्याच गोळ्या, वॉरफरिन नाहीतर अ‍ॅसिट्रॉम, तेही जन्मभर. लेखात हे एक वाक्य हवं होतं. तो लेख वाचून कुणी आपल्या मनाने गोळी बदलली, तर झडप अडकायला वेळ लागत नाही.

पथ्याचं म्हणाल तर डॉक्टरांनी पालेभाजी बंद केलेली नाही, रोज साधारण सारखी खा म्हणाले. पण सण कुठे ऐकतात? गेल्या वर्षी ऋषीच्या भाजीतलं अळू आणि माठ दोन दिवस पोटभर खाल्लं, तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते सांगणारा आकडा, १.६ वर उतरला. माझा हवा अडीच ते साडेतीन. एकदा दाढ दुखली म्हणून दुकानातून वेदनाशामक आणून घेतलं, तेव्हा हिरड्यांतून रक्त थांबेना. तेव्हापासून वहीत तारीख, आयएनआर आणि गोळी एक की अर्धी, सगळं लिहिते. अर्धी करायला अडकित्ता वापरते; सुपारी केव्हाच सुटली.

खरी अडचण गोळीची नाही. इथे रक्त सकाळी घेतात, नमुना रत्नागिरीला जातो आणि आकडा कळतो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. मधल्या रात्री किती गोळी घ्यायची? बोटातला थेंब घेऊन काही मिनिटांत आयएनआर सांगणारं यंत्र असतं. ते प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात ठेवा, एवढीच आरोग्य खात्याकडे मागणी आहे. आणि पुढच्या पुरवणीत ते राहिलेलं वाक्य आपण छापावं.

— एक वाचक, ता. लांजा, जि. रत्नागिरी