केसपेपरवरचा धर्म पुरत नाही

संपादक महोदय,

मी मिरजेतली निवृत्त परिचारिका. बऱ्या न होणाऱ्या कॅन्सर रुग्णांच्या घरी अजूनही मदतीला जाते. सोबत एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, झालेली तरुण मुलं-मुली असतात. सरकारी योजनेचे कागद, रेशनकार्ड, एसटीची सवलत सगळं नेटानं करतात. रुग्णाच्या श्रद्धेचा विषय निघाला की मात्र केसपेपरवरचा धर्म वाचून मोकळी होतात.

सांगलीजवळच्या खेड्यातल्या एक जैन आजी सूर्यास्तानंतर पाणीही तोंडात घेत नसत. मॉर्फिनची साधी गोळी दर चार तासांनी लागते. रात्रीच्या गोळ्या बुडत आणि पहाटेपर्यंत आजी तळमळत. घरचे म्हणत, हट्टी आहेत. फाईलवर शेरा, ‘औषध नाकारतात’. का नाकारतात, हे कुणी विचारलंच नव्हतं. विचारल्यावर म्हणाल्या, “नेम मोडून मला जायचं नाही, बाई.” डॉक्टरांना हे कळल्यावर त्यांनी कातडीवर लावायचा, तीन दिवस चालणारा पॅच दिला. आजींना झोप लागली, नेमही राहिला. हे विचारायचं काम समाजसेवकाचंच.

दुसरे एक निवृत्त मास्तर, जन्मभर अंनिसचे (अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे) कार्यकर्ते. आडनाव वाचून एका मुलीनं उशाशी विठ्ठलाचा फोटो ठेवला, मोबाईलवर हरिपाठ लावला. मास्तर सभ्य, बोलले नाहीत. त्यांना देहदान करायचं होतं, आणि दहावं नाही घातलं तर भाऊबंद बायकोला सुखानं राहू देतील का, या काळजीनं ते पोखरले होते. देव न मानणाऱ्यालाही मरताना असं काही छळतं, हे त्या मुलीला कुणी शिकवलंच नव्हतं.

लंडनमध्ये १९६७ साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांचं सेवाघर, उभारणाऱ्या सिसिली सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका आणि त्यानंतर डॉक्टर. दुखण्यात शरीराइतकाच मनाचा, घराचा आणि श्रद्धेचा वाटा असतो, हे त्यांनीच मांडलं. आपल्याकडे उपशामक सेवेचा, म्हणजे अशा रुग्णांचं दुखणं हलकं करण्याचा, राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ पासून आहे, पण आमच्या मुलांच्या शिक्षणात हा भाग तासाभराच्या व्याख्यानावर उरकतो.

फिल्डवर्कमध्येच त्यांना मीरासाहेब दर्ग्याजवळच्या मौलवींकडे, लिंगायतांच्या जंगमांकडे, बौद्धाचार्यांकडे, पाद्रीसाहेबांकडे, जैन मंदिरातल्या पंडितांकडे आणि हो, अंनिसच्या कार्यकर्त्यांकडेही पाठवा. अखेरच्या दिवसांत काय चालतं, काय चालत नाही, ते ऐकून येऊ द्या. मग रुग्णापाशी बसून, “तुम्हाला आधार कशाचा वाटतो? आमच्याकडून काय होऊ नये?” एवढं विचारायचा सराव अनुभवी माणसासमोर करून घ्या. मिळालेलं उत्तर केसपेपरवर औषधांच्या शेजारीच लिहिलं जावं, म्हणजे रात्रपाळीच्या सिस्टरलाही दिसेल.

— एक निवृत्त परिचारिका, मिरज (जि. सांगली)