विन्या, तुझी बीपीची गोळी

बोईसर,
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय विन्या,

तुझा फोटो मिळाला. गोळ्यांची पांढरी बाटली, लेबलावर बारीक अक्षरात 'मेड इन इंडिया', आणि खाली तुझी एक ओळ : "शिऱ्या, खरं सांग, घेऊ का नको?" फोनवर हो-नाही सांगून मोकळा झालो असतो. पण आज रविवार आहे, आणि औषध कारखान्याच्या क्यूसीत, म्हणजे माल तपासण्यात, पंचवीस वर्षं घासलेल्या माणसाला असलं विचारलंस की तो तुला एका वाक्यात सोडत नसतो.

गोळी घे. आधी हे.

ती बाहेर पडायच्या आधी माझ्यासारखाच कुणीतरी तिच्यासमोर उभा राहिलेला असतो. काचेची सहा भांडी, पाणी ३७ अंशांवर, प्रत्येकात एकेक गोळी आणि वरून संथ फिरणारं पॅडल. ठरल्या वेळेला नमुना काढायचा आणि किती औषध विरघळलं ते मशीनवर बघायचं. मी अजूनही कधीकधी काम नसताना तिथं रेंगाळतो. गोळी आधी कडेनं फुगते, मग सुटते आणि तिचा ढग होतो. पोरं हसतात, "सर, मॅच बघताय का?"

तुमच्या अमेरिकेत खपणाऱ्या जेनेरिक औषधांपैकी साधारण ४० टक्के इथूनच जातात. हे काही आपोआप झालं नाही. १९७० च्या पेटंट कायद्यानं ठरवलं की पेटंट औषधावर मिळणार नाही, ते बनवायच्या रीतीवर मिळेल. मग आपले केमिस्ट दुसऱ्या वाटेनं त्याच रेणूपर्यंत पोचायला शिकले. २००१ मध्ये आपल्या सिप्ला कंपनीनं एड्सच्या तीन औषधांचा एका पेशंटचा वर्षाचा खर्च ३५० डॉलरवर आणला. त्याआधी तो दहा हजारांच्या पुढं होता. २००५ ला कायदा बदलून औषधावरही पेटंट आलं, पण तोवर हात तयार झाले होते. तुझी गोळी स्वस्त आहे ती या हातांमुळं.

आता दुसरी बाजू. विलिंग्डन कॉलेजच्या लॅबमध्ये तू आधी रीडिंग लिहायचास आणि मग टायट्रेशनचा प्रयोग करायचास, आठवतंय? आणि मी ते उतरवून घ्यायचो! अमेरिकेचे इन्स्पेक्टर येतात ते नेमकं हेच हुडकायला. मशीन बघत नाहीत, कचऱ्याची पेटी बघतात. फाडलेला कागद, कॉम्प्युटरमध्ये 'ट्रायल' म्हणून लपवलेली चाचणी. २०१३ मध्ये आपल्याकडच्या रॅनबॅक्सी औषध कंपनीनं गुन्हा कबूल करून ५० कोटी डॉलर भरले, त्यातही खोट्या माहितीचा भाग होताच. तेव्हापासून आमच्याकडे पेन्सिल आणि व्हाइटनर आत न्यायची बंदी आहे. चुकलं तर एक रेघ, सही, तारीख. घरी वाण्याच्या यादीतसुद्धा मी अशीच खाडाखोड करतो, म्हणून बायको चिडते.

पण मला झोप येऊ देत नाहीत ती कच्च्या मालाची पिंपं. गेल्या महिन्यातलं मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याचं वाचलं असशील. खोकल्याच्या औषधानं वीसहून जास्त पोरं गेली. तामिळनाडूच्या सरकारी लॅबला त्या औषधात ४८.६ टक्के डायएथिलिन ग्लायकॉल सापडलं. हे द्रव्य दिसायला ग्लिसरीनसारखंच. पारदर्शक, घट्टसर, चवीला गोड. पोटात गेलं की मूत्रपिंडं बंद पडतात. १९८६ मध्ये जे. जे. हॉस्पिटलमध्ये ह्यानंच १४ पेशंट गेले होते, त्यावर लेन्टिन आयोग बसला होता. २०२२ मध्ये गांबियातल्या पोरांच्या मृत्यूनंतर जागतिक आरोग्य संघटनेनं भारतात बनलेल्या चार सिरपांबद्दल इशारा दिला. म्हणजे ज्ञान नव्हतं असं नाही.

माझी पहिली नोकरी आठव. शेड म्हणावी असली कंपनी, नाव सोड. सिरपात घालायच्या प्रॉपिलिन ग्लायकॉलची दहा पिंपं उतरली. ते विष मिसळलं जातं ते अशाच मालात. मी दहाही उघडून नमुने काढायला लागलो तर मालक म्हणाले, "अरे, सप्लायरचं सर्टिफिकेट आहे ना? एक बघ, बाकीच्यांवर हिरवं लेबल लाव." मी एकच बघितलं. बावीस वर्षांचा होतो, पगार अडीच हजार. पुढं काही झालं नाही. काही झालं नाही, एवढंच माझ्या हाती आहे.

आज मी प्रत्येक पिंपातून नमुना घेतो. त्या विषाची मर्यादा ०.१ टक्का आणि टेस्ट काही अवघड नाही. पण परदेशी इन्स्पेक्टर येतो तो एक्स्पोर्ट करणाऱ्यांकडेच. गल्लीतल्या सिरपवाल्याकडे राज्याचा औषध निरीक्षक जायचा, आणि त्याच्या वाट्याला दुकानं न् कारखाने मिळून किती येतात हे तो बिचारा चहा घेताना सांगतो. सुधारित शेड्यूल एम, म्हणजे औषध कारखान्यांची नियमावली, आलंय, छोट्यांनाही पाळावं लागेल. कागद चांगला आहे.

आणि पेनिसिलीनचं दुखणं वेगळंच. १९५४ मध्ये पिंपरीत सरकारी कारखाना निघाला तो त्याच्यासाठी. पुढं चीनचा माल स्वस्त पडला, आपल्या टाक्या थंडावल्या, आणि आता कुठं काकीनाड्यात पुन्हा सुरुवात होतेय. गोळी आपली, आतला कच्चा माल बराचसा तिकडचा.

आईचं तुला सांगायचं राहिलं होतं. पावसाळ्यात न्यूमोनिया झाला तिला. गावाकडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर पोरगी हुशार, चटकन ओळखलं. पण सिस्टरनं हातात चिठ्ठी दिली, "इंजेक्शन संपलंय, बाहेरून आणा." मी मेडिकलवर. दुकानदारानं एकाच औषधाचे तीन ब्रँड काउंटरवर मांडले, भाव तीन. सवयीनं खोकी उलटी केली तर त्यातल्या दोघांवर कारखान्याचा पत्ता एकच, प्लॉट नंबरसकट. मी हसलो. त्याला वाटलं पैशाची अडचण आहे. म्हणाला, "काका, नंतर द्या."

माझ्याकडे पैसे होते रे. माझ्यामागं उभ्या असलेल्या बाईनं मात्र पाच दिवसांच्या गोळ्यांतल्या दोन दिवसांच्या मागितल्या. देशात आरोग्यावर खर्च होणाऱ्या शंभर रुपयांतले ६४ रुपये लोक खिशातून घालायचे, ते २०२१-२२ पर्यंत ३९ वर आले. आकडा खरा आहे, मी सुधारणाच म्हणेन. पण ती बाई त्या ३९ मधली. आणि माझ्या हाताखालून रोज लाखभर गोळ्या बोटीवर चढतात.

आई आता बरी आहे. परवा बोरं निवडत बसली होती, तुझी चौकशी केली.

उद्या सकाळी चाळीस पिंपं उतरायची आहेत, लवकर निघायला हवं. वहिनींना नमस्कार. आणि त्या बाटलीचा फोटो परत पाठव, तुझा अंगठा कंपनीच्या नावावर आलाय.

तुझा,
शिऱ्या