विकतची टीम, फुकटची ईर्षा

कोलंबस, ओहायो

भावा,

तू पाठवलेला व्हिडिओ तीनदा बघितला. पहिल्यांदा गोल बघितला, दुसऱ्यांदा गोल झाल्यावर आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवरनं उसळलेली माणसं बघितली, आणि तिसऱ्यांदा मोबाईल पालथा ठेवून नुसता आवाज ऐकला. बायको म्हणाली, भाजी करपली.

व्हिडिओखाली तू लिहिलेलं वाक्य मात्र पंधरा दिवस डोक्यातनं जाईना. "तुमच्यात टीम पैशानं विकत मिळते म्हणे. मग ईर्षा पण पार्सल मागवता काय?" फोनवर उत्तर दिलं असतं तर नुसता शिव्यांचा कार्यक्रम झाला असता, म्हणून लिहितोय. चहा घेऊन बस.

तुझं निम्मं खरं आहे. आपल्याकडं तालीम, म्हणजे पेठेतलं कुस्ती-व्यायामाचं मंडळ, आधी आणि टीम मागनं. पाटाकडील काय, दिलबहार काय, खंडोबा काय, पोरगं जन्माला येतं तेव्हाच कुणाच्या नावानं ओरडणार ते ठरलेलं असतं. उद्या कुणी शेठ आला आणि म्हणाला, 'पाटाकडील तालमीची टीम मी घेतली, पुढच्या सीझनपासनं ती नाशिकला खेळणार', तर आपण त्याला आधी डॉक्टरकडं नेऊ. इथं तसं नाही. इथं मेजर लीग सॉकर ही एक कंपनीच आहे म्हण. तुमच्या शहराला टीम पाहिजे तर आधी लीगला प्रवेशाचा आकडा मोजायचा. २००७ साली टोरोंटो आत आलं तेव्हा हा आकडा एक कोटी डॉलर होता. सिनसिनाटीनं २०१८ ला पंधरा कोटी मोजले. २०२५ मध्ये सॅन डिएगो तिसावी टीम म्हणून उतरली, तिनं पन्नास कोटी. एवढं मोजल्यावर एक सोय अशी, की तळाला राहिलास तरी खालच्या गटात कुणी ढकलत नाही. सिनसिनाटी पहिली तीन वर्षं, २०१९, २०, २१, लीगमध्ये शेवटून पहिली होती. आपल्याकडं असली टीम गल्लीत तोंड दाखवू शकली नसती. इथं त्यांनी त्याच काळात २६ हजार खुर्च्यांचं नवं स्टेडियम उघडलं.

आता माझ्या टीमचं सांगतो. कोलंबस क्रू. १९९६ ला लीग सुरू झाली तेव्हाच्या दहा टीमांपैकी एक. सुरुवातीची तीन वर्षं ते इथल्या युनिव्हर्सिटीच्या स्टेडियममध्ये खेळायचे. ते लाखभर माणसांचं, अंडाकृती चेंडूच्या फुटबॉलसाठी बांधलेलं. त्यात पंधरा हजार माणूस म्हणजे लग्नाच्या हॉलात चार पाहुणे. मग १९९९ ला क्लबचे मालक लामार हंट यांनी जत्रेच्या मैदानावर, म्हणजे ओहायो राज्याची दरवर्षीची मोठी जत्रा भरते तिथं, स्वतंत्र स्टेडियम बांधलं. या लीगमधलं खास सॉकरसाठी बांधलेलं ते पहिलं. दिसायला काही नाही रे. लोखंडी सांगाडा, ॲल्युमिनियमचे बाकडे. पण त्या बाकड्यांवर दहा-बारा हजार माणसं एकदम पाय आपटायला लागली, की खाली उभ्या माणसाच्या छातीत हलगी वाजते. अमेरिकेनं मेक्सिकोला याच मैदानावर वर्ल्ड कपच्या पात्रता सामन्यांत चार वेळा हरवलं, आणि चारही वेळा दोन-शून्य. चौथ्या वेळी, २०१३ ला, मी पायऱ्यांवर होतो. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं, चला, इथं राहता येईल.

मग आलं २०१७.

जूनमध्ये ओपन कपची मॅच लागली. ओपन कप म्हणजे वरच्या-खालच्या सगळ्या दर्जाच्या टीमांचा बाद पद्धतीचा चषक. सिनसिनाटी तेव्हा खालच्या लीगमध्ये, जेमतेम दुसऱ्या वर्षात. आम्ही म्हटलं, पोरं आहेत, चार गोल घालून येऊ. जिबी फॉलनं एक गोल घातला, आम्ही एक-शून्यनं हरलो, आणि ते बघायला ३०,१६० माणसं जमली होती. खालच्या लीगची टीम, कामाचा वार, तीस हजार! दुसऱ्या दिवशी ऑफिसात सिनसिनाटीचा एक सहकारी माझ्या टेबलापाशी येऊन काही न बोलता नुसता उभा राहिला. मग गेला. बोलला असता तर बरं झालं असतं.

ही जखम ओली असतानाच ऑक्टोबरमध्ये बातमी आली. २०१३ पासनं मालक असलेले अँथनी प्रीकोर्ट म्हणाले, शहराच्या मधोमध नवं स्टेडियम मिळालं नाही तर टीम टेक्सासातल्या ऑस्टिनला नेणार. नंतर बाहेर आलं, की टीम विकत घेतानाच ऑस्टिनला जायची मुभा त्यांनी करारात घालून घेतली होती. बघ, तुझा नाशिकचा शेठ खरोखर आला!

माझा स्वभाव तुला ठाऊक आहे, मी म्हटलं, गेली. पण ही शांत, गवत कापणारी, रविवारी चर्चला जाणारी माणसं अशी पेटली की मी बघत राहिलो. सिटी हॉलसमोर पिवळ्या-काळ्या कपड्यांत गर्दी जमली. माझ्या न्हाव्याला सॉकरमधलं ऑफसाइडसुद्धा कळत नाही, त्याच्या आरशावर 'सेव्ह द क्रू'चा कागद लागला. दाढी करताना तो मला कायदा समजावून सांगायचा, आणि वस्तरा गळ्याशी असल्यामुळं मी सगळं ऐकून घ्यायचो.

तो कायदा मात्र ऐकण्यासारखा आहे. १९९५ साली आर्ट मोडेल या मालकानं क्लीव्हलंड ब्राउन्स ही अमेरिकन फुटबॉलची टीम बाल्टिमोरला हलवायची ठरवली. क्लीव्हलंडकरांनी आकांत केला, टीम गेलीच. म्हणून पुढच्या वर्षी ओहायोनं कायदा केला: लोकांच्या करातनं मदत घेतलेल्या मैदानावर खेळणाऱ्या टीमला परस्पर गाशा गुंडाळता येणार नाही, आधी सहा महिन्यांची नोटीस द्यायची आणि स्थानिकांना टीम विकत घ्यायची संधी द्यायची. वीस-बावीस वर्षं तो कायदा धूळ खात पडला होता. मार्च २०१८ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरलनं आणि कोलंबस शहरानं तो झटकून कोर्टात उभा केला. निकालापर्यंत वेळ आलीच नाही. ऑक्टोबरात गिऱ्हाईक पुढं आलं आणि २०१९ च्या जानेवारीत व्यवहार झाला. एक भागीदार टीमचे जुने डॉक्टर पीट एडवर्ड्स यांचं कुटुंब. दुसरे कोण, तर हॅस्लम, म्हणजे क्लीव्हलंड ब्राउन्सचे आत्ताचे मालक! ब्राउन्स पळाली म्हणून कायदा झाला, त्या कायद्यानं क्रूला धरून ठेवलं, आणि शेवटी ब्राउन्सच्याच मालकानं क्रू घेतली. नाटकात असं लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जमवून आणलंय.

ऑस्टिनलाही टीम मिळाली, २०२१ पासनं, वेगळी. प्रीकोर्ट तिकडं गेले. त्या टीमची मॅच असली की आमच्यातले काही जण अजून देवाचं नाव घेतल्यासारखं त्यांचं नाव घेतात, फक्त मागंपुढं वेगळे शब्द असतात.

आणि एवढं झाल्यावर नव्या मालकांनी काय करावं? मे २०२१ ला जाहीर केलं, टीमचं नाव आता 'कोलंबस एससी', क्रू हे नुसतं टोपणनाव. ज्या पाठीराख्यांनी टीम वाचवली त्यांनी या नव्या मालकांनाही सोडलं नाही. आठवड्याभरात नाव परत. हे वाचून तुला कोल्हापूर आठवलं नाही तर तू कोल्हापूरचा नाहीस.

आता सिनसिनाटी. इथनं पावणेदोनशे किलोमीटर, म्हणजे तुला पुणं पडतं त्याच्यापेक्षा जवळ. वाटेत सगळी मक्याची आणि सोयाबीनची शेतं. त्या शेतात हायवेला लागून एक भलीमोठी काळी पाटी आहे, तिच्यावर पांढऱ्या अक्षरात लिहिलंय: 'नरक खरा आहे'. कुणा भाविकानं उभी केलेली. दोन्ही गावचे पाठीराखे मॅचला जाताना तिच्यासमोरनंच जातात, म्हणून या डर्बीचं, म्हणजे शेजाऱ्या-शेजाऱ्यांच्या लढतीचं, नावच पडलं 'हेल इज रिअल'. लीगनं कितीही पैसा ओतला असता तरी असलं नाव विकत मिळालं नसतं. तुझ्या पार्सलच्या प्रश्नाचं माझ्याकडं एवढंच उत्तर आहे, आणि ते शेतात उभं आहे.

पण नरक खरा आहे हे मला वेगळ्या कारणानं कळलं. आमची थोरली २०२२ ला सिनसिनाटीला शिकायला गेली. नगररचना शिकते. पहिल्या दिवाळीला घरी आली तेव्हा गळ्यात सिनसिनाटीचा निळा-नारंगी मफलर. मी म्हटलं, हे काय? म्हणाली, "बाबा, आई नाही का माहेरच्या तालमीची?" हिनं सोळा वर्षं आमची भांडणं ऐकलीत, वापरणारच.

तिच्यामुळंच त्या गावाची दुसरी बाजू कळली. सिनसिनाटीचं स्टेडियम आहे वेस्ट एन्ड नावाच्या वस्तीत. दिसायला देखणं, रात्री बाहेरच्या उभ्या पट्ट्या उजळतात. पण ती सांगत होती, साठ-पासष्ट वर्षांपूर्वी याच वस्तीतला मोठा भाग हायवे आणि कारखान्यांसाठी पाडला, सुमारे पंचवीस हजार माणसं उठवली, जवळजवळ सगळी काळी. त्यामुळं स्टेडियम येणार म्हटल्यावर तिथल्या म्हाताऱ्यांनी सभांमध्ये आधी विचारलं ते हेच: ह्या वेळी कोण उठणार? शाळेचं मैदान होतं ते पाडून शेजारी नवं करून दिलं. घरभाडी मात्र वाढतच चालली आहेत, असं तिथले लोक सांगतात. पोरीनं त्यावर वर्गात निबंध लिहिला, चांगले मार्क घेतले, आणि शनिवारी तोच मफलर घालून मॅचला गेली. मी विचारलं, हे जमतं कसं? ती म्हणाली, "जमत नाही बाबा. पण जाते."

आता मेन गोष्ट. २ डिसेंबर २०२३. विभागाची फायनल, सिनसिनाटीत, आम्ही विरुद्ध ते. त्या वर्षी ते लीगमध्ये पहिले आलेले, त्यांचा लुचो अकोस्टा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू. पोरीनं दोन तिकिटं काढली, दोन्ही तिच्याच लोकांत. मी काळ्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली होती, आत पिवळा मफलर. मधनंमधनं हात घालून तो आहे ना बघत होतो. तुझ्या ओळखीचं दृश्य आहे हे. शिवाजी तरुण मंडळाच्या लोकांत पायऱ्यांवर बसून आपण प्रॅक्टिस क्लबची मॅच बघितली होती ती आठव, तोंडावर रुमाल बांधून.

दोन-शून्य त्यांचे. शेजारचा एक दाढीवाला मला सारखा मिठी मारत होता. मीही मारत होतो, काय करणार. पोरगी माझ्याकडं बघून गालात हसत होती. मग शेवटच्या पंधरा मिनिटांत एक गेला. आणि मॅच संपायला थोडा वेळ असताना दिएगो रॉसीनं दुसरा घातला. सव्वीस हजार माणसं गप्प झालेली तू ऐकली नाहीस. कोपऱ्यातल्या आमच्या मूठभर लोकांचा आवाज तेवढा लांबनं, विहिरीतनं आल्यासारखा. एक्स्ट्रा टाइमच्या शेवटाशेवटाला क्रिस्टियन रामिरेझनं तिसरा घातला, आणि माझी चेन आपोआप खाली गेली. खोटं नाही, हातानं ओढल्याचं आठवत नाही. दाढीवाल्यानं पिवळा मफलर बघितला, माझ्याकडं बघितलं, आणि अगदी दुखावलेल्या आवाजात म्हणाला, "मी तुम्हाला मिठी मारली."

परत येताना गाडीत पोरगी एक शब्द बोलली नाही. तिला हॉस्टेलवर सोडलं तेव्हा दार आपटलं. पुढच्या आठवड्यात आम्ही घरच्या मैदानावर लॉस एंजेलिसला दोन-एक हरवून तिसऱ्यांदा लीगचा चषक घेतला. तिनं रात्री मेसेज पाठवला: "अभिनंदन. आईला फोन दे."

नव्या स्टेडियमबद्दल फारसं लिहीत नाही. शहराच्या मधोमध आहे, सोयी झकास, आणि तिकीट काढताना पोटात गोळा येतो. पाय आपटल्यावर ते जुने बाकडे वाजायचे तसं इथलं काँक्रीट वाजत नाही, एवढंच माझं म्हणणं. बायको म्हणते, म्हातारा झालास.

आता कामाचं. पुढच्या महिन्यात ऑफिसातला एक जण कराडला चाललाय, त्याच्या हाती तुझ्या पोराला क्रूचा पिवळा शर्ट पाठवतोय. मापाचा काय घोळ झाला तर शिंप्याकडनं दाबून घे. पाकीट बांधायला पोरगी बसली आहे, त्यामुळं आत नारंगी निघाला तर मला माहीत नव्हतं असं समज आणि फोटो टाकू नकोस. काकूंना नमस्कार सांग. आणि चषकाची फायनल कधी आहे ते दोन दिवस आधी कळव, इथं पहाटेचा गजर लावावा लागतो.

तुझाच,
पायऱ्यांवरचा जुना सोबती